केव्हीएममध्ये इंटरप्ट गेस्टपर्यंत कसा पोचवायचा: नवख्यांसाठी पायरीपायरीनं

लिनक्सच्या केव्हीएमवर (कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) स्वतःचा छोटा व्हर्च्युअल मशीन मॉनिटर, म्हणजे ते मशीन चालवणारा प्रोग्राम, लिहायला घेतलेल्या, किंवा क्यूईएमयू या तयार प्रोग्राममध्ये स्वतःचं एखादं उपकरण बसवू पाहणाऱ्या माणसासाठी हा लेख आहे. कोल्हापुरात असं काम मला दोन ठिकाणी दिसतं. एक म्हणजे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट. दुसरं म्हणजे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली वर्कशॉप्स. तिथं फौंड्रीच्या लॅबमधलं टेस्टिंग मशीन अजून ठणठणीत असतं, पण त्याचं सॉफ्टवेअर ज्या जुन्या डॉसच्या पीसीवर चालतं त्याचा मदरबोर्ड आता कुठं मिळत नाही. मग ते सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवायचं ठरतं. दोन्हीकडे गाडी एकाच जागी अडते. सीपीयू चालतो, मेमरी बसते, स्क्रीनवर अक्षरंही उमटतात, आणि इंटरप्ट (उपकरणानं सीपीयूला दिलेली ‘काम आलंय’ ही वर्दी) मात्र गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणाऱ्या सिस्टीमला, मिळत नाही.

केव्हीएम २००७ मध्ये लिनक्स २.६.२० सोबत आलं, त्यामुळे उदाहरणांचा तुटवडा नाही. अडचण अशी की इंटरप्ट कंट्रोलर कर्नलकडे आहे की आपल्या प्रोग्रामकडे, हे बहुतेक उदाहरणं सांगतच नाहीत. दोन वेगळ्या पद्धतींचे तुकडे एकत्र जोडले की कोड कंपाइल होतो, चालतो आणि गप्प बसतो. म्हणून या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी पहिलीच आहे. ती नीट समजली की पुढचे निम्मे घोळ होतच नाहीत.

आयऑक्टलची (म्हणजे कर्नलला द्यायच्या हाकांची) आणि फील्डची नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत. केव्हीएमच्या हेडर फाइलमध्ये ती त्याच उच्चारानं सापडतील.

सुरू करण्याआधी काय हवं

- व्हीटी-एक्स (इंटेल) किंवा एएमडी-व्ही ही व्हर्च्युअलायझेशनची सोय असलेला प्रोसेसर, आणि ती सोय बायोसमध्ये चालू केलेली. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत सेकंड-हँड लॅपटॉप घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच बायोस उघडून पाहा. काही ऑफिस मॉडेल्समध्ये हा पर्याय पासवर्डमागे बंद करून ठेवलेला असतो.
- लिनक्स थेट मशीनवर बसवलेलं. व्हर्च्युअल मशीनच्या आत प्रयोग करायचे असतील तर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन चालू लागतं, आणि ट्रेस वाचणं अवघड होतं. शिकताना ते टाळा.
- /डेव्ह/केव्हीएम ही फाइल उघडायची परवानगी. त्यासाठी आपला युजर ‘केव्हीएम’ ग्रुपमध्ये घाला आणि एकदा लॉग-आउट करून परत या.
- सी कंपायलर, कर्नल हेडर्स, ‘परफ’ आणि ‘ट्रेस-सीएमडी’ (कर्नलमधल्या घडामोडी नोंदवणारी साधनं). शेवटच्या दोघांसाठी रूट लागतो.
- कर्नलसोबत येणारा केव्हीएम एपीआयचा दस्तऐवज आणि इंटेलच्या मॅन्युअलमधलं एपिकचं (इंटरप्ट कंट्रोलरचं) प्रकरण. दोन्ही फुकट मिळतात. एपिकचं प्रकरण छापून जवळ ठेवलंत तर फार बरं, त्यातले बिट सारखे पाहावे लागतात.

१. आधी ठरवा: कंट्रोलर कुणाकडे?

एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या) मशीनमध्ये इंटरप्टच्या वाटेवर तीन कंट्रोलर चिप येतात. जुनी ८२५९ पिकची जोडी, आयओ-एपिक आणि प्रत्येक सीपीयूसोबतचा लोकल एपिक. या तिघांचं अनुकरण कोण करणार यावरून केव्हीएममध्ये तीन रस्ते फुटतात.

पहिला रस्ता: तिन्ही कर्नलमध्ये. ‘केव्हीएम_क्रिएट_आयआरक्यूचिप’ ही एक हाक दिली की पिक, २४ पिनांचा आयओ-एपिक आणि पुढे तयार होणाऱ्या प्रत्येक व्हीसीपीयूसाठी (गेस्टच्या सीपीयूसाठी) लोकल एपिक कर्नल स्वतः सांभाळतो. तुम्ही फक्त ‘अमुक लाइन वर गेली’, ‘खाली आली’ एवढं कळवायचं. व्हेक्टर (सीपीयूला मिळणारा इंटरप्टचा क्रमांक) कोणता, गेस्टनं इंटरप्ट बंद ठेवलेत का, झोपलेला व्हीसीपीयू उठवायचा का, हे सगळं कर्नल बघतो.

दुसरा रस्ता: स्प्लिट. लोकल एपिक कर्नलमध्ये. पिक आणि आयओ-एपिक तुमच्या प्रोग्राममध्ये. यासाठी ‘केव्हीएम_कॅप_स्प्लिट_आयआरक्यूचिप’ ही क्षमता चालू करावी लागते. कर्नलमधला कोड कमी म्हणजे हल्ल्याला जागा कमी, हा त्यामागचा विचार. एमएसआय (लाइनशिवाय पाठवलेला इंटरप्ट, पायरी ५) वापरणारी नवी उपकरणं तशीही आयओ-एपिकला वळसा घालूनच जातात.

तिसरा रस्ता: तिन्ही तुमच्याकडे. कर्नलला फक्त ‘हा व्हेक्टर या व्हीसीपीयूत घाल’ एवढंच सांगायचं.

माझा सल्ला स्पष्ट आहे. पहिल्यांदा करत असाल तर पहिला रस्ता घ्या, डॉसचं सॉफ्टवेअर चालवायचं असलं तरीही. तिसऱ्या रस्त्यात पिकचा कोड लिहायला सोपा वाटतो, पण ‘आत्ता इंटरप्ट घालता येईल का’ हा प्रश्न प्रत्येक वेळी तुमच्या गळ्यात येतो. क्यूईएमयू वापरत असाल तर मशीनच्या ‘कर्नल_आयआरक्यूचिप’ पर्यायाला ऑन, स्प्लिट किंवा ऑफ देऊन हेच तीन रस्ते मिळतात. स्वतःच्या कोडशी तुलना करायला ते फार उपयोगी पडतं.

२. तयार करण्याचा क्रम चुकवू नका

१) व्हीएम तयार करा. २) लगेच आयआरक्यूचिप. ३) ८२५४ टायमर हवा असेल तर ‘क्रिएट_पिट२’. ४) त्यानंतरच व्हीसीपीयू.

व्हीसीपीयू आधी तयार केला तर आयआरक्यूचिपची हाक कर्नल नाकारतो. इथं रिटर्न व्हॅल्यू तपासली नाही तर प्रोग्राम पुढे जातो आणि तुम्ही नकळत तिसऱ्या रस्त्यावर येता. केव्हीएमच्या कोडमध्ये एकही आयऑक्टल रिटर्न व्हॅल्यू न बघता सोडू नका.

दुसरा सापळा हॉल्टचा. सुरुवातीची बहुतेक उदाहरणं आयआरक्यूचिपशिवाय असतात. गेस्टनं हॉल्टची सूचना चालवली की गेस्ट चालवणारी ‘केव्हीएम_रन’ ही हाक परत येते, ‘एक्झिट_एचएलटी’ दिसतं आणि लूप संपतो. आयआरक्यूचिप कर्नलमध्ये गेल्यावर ही एक्झिट येत नाही. हॉल्ट झालेला व्हीसीपीयू कर्नलमध्येच झोपतो आणि इंटरप्टची वाट बघतो. प्रोग्राम ‘हँग’ झाल्यासारखा वाटतो. खरं तर सगळं बरोबर चाललेलं असतं, फक्त इंटरप्ट अजून आलेला नसतो. एकापेक्षा जास्त व्हीसीपीयू असतील तर पहिला सोडून बाकीचेही असेच कर्नलमध्ये थांबतात, गेस्ट त्यांना स्टार्ट-अपचा संदेश पाठवेपर्यंत.

३. पहिली लाइन: सीरियल पोर्ट

शिकायला सीरियल पोर्टइतकं चांगलं उपकरण नाही. वर्कशॉपमधल्या टेस्टिंग मशीनलाही बहुधा हेच लागतं. पहिला पोर्ट हेक्स ३एफ८ वर, आयआरक्यू (इंटरप्टची लाइन) ४.

‘केव्हीएम_आयआरक्यू_लाइन’ला दोनच गोष्टी द्यायच्या: जीएसआय म्हणजे लाइनचा क्रमांक, आणि लेव्हल, १ किंवा ०. ही व्हीएमच्या फाइल डिस्क्रिप्टरवरची हाक आहे, त्यामुळे कोणत्याही थ्रेडमधून देता येते, व्हीसीपीयू चालू असतानासुद्धा.

आता एज आणि लेव्हल हा फरक पक्का करा, कारण हरवलेल्या इंटरप्टचं कारण बहुतेक वेळा इथं सापडतं. एज म्हणजे साखर कारखान्याचा भोंगा: वाजला त्या क्षणी ऐकला तर ऐकला. लेव्हल म्हणजे गव्हाणीसमोर उभी उसाची गाडी: रिकामी होईपर्यंत ती तिथून हलत नाही, केव्हाही बघितलंत तरी दिसते. जुन्या पीसीतल्या सीरियल, कीबोर्डसारख्या लाइन एज असतात. एजमध्ये पिकला ० वरून १ कडे जाणारा बदलच दिसतो. लाइन आधीच १ असेल आणि तुम्ही पुन्हा १ पाठवलंत तर काहीच होत नाही. आधी ० पाठवायलाच हवं.

उपकरणाचा कोड लिहिताना ‘बाइट आला, १ पाठव, ० पाठव’ असे तुकडे जागोजागी पेरू नका. एकच फंक्शन ठेवा. ते उपकरणाचे रजिस्टर बघून ‘आत्ता लाइन वर असायला हवी का’ हे ठरवतं आणि आधीच्या स्थितीत बदल झाला असेल तरच आयऑक्टल करतं. गेस्टनं कोणताही रजिस्टर वाचला किंवा लिहिला, की शेवटी हे फंक्शन बोलवा.

याचं एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. गेस्ट लिनक्स बूट होतो, कर्नलचे सगळे संदेश कन्सोलवर धडाधड येतात, आणि लॉग-इनच्या जागी येऊन सगळं थांबतं. कधी एखादं अक्षर येतं, कधी तेही नाही. नवखा माणूस डिस्क आणि इनिट शोधत बसतो. खरं कारण असं: कर्नलचे संदेश छापणारा कोड पोलिंग करतो, म्हणजे लाइन स्टेटस रजिस्टर बघत बघत अक्षरं टाकतो, त्याला इंटरप्ट लागतच नाही. युजर प्रोग्रामचं आउटपुट मात्र इंटरप्टवर चालतं. ड्रायव्हर इंटरप्ट एनेबल रजिस्टरमध्ये ‘ट्रान्समीटर रिकामा झाला की कळव’ हा बिट चालू करतो. ट्रान्समीटर त्या वेळी आधीच रिकामा असतो, त्यामुळे खऱ्या चिपमध्ये इंटरप्ट लगेच येतो. तुमच्या मॉडेलनं हा बिट चालू होताना लाइन वर केली नाही, तर ड्रायव्हर कायमचा वाट बघत बसतो. वर सांगितलेलं एकच फंक्शन रजिस्टर लिहिल्यावर बोलावलंत तर हे आपोआप बरोबर होतं.

ट्रान्समीटर रिकामा झाल्याचा इंटरप्ट गेस्टनं इंटरप्ट आयडेंटिफिकेशन रजिस्टर वाचला की मिटतो. नवीन बाइट आल्याचा इंटरप्ट डेटा वाचल्यावर मिटतो. हे दोन्ही नियम वेगवेगळे सांभाळा, नाहीतर लाइन खाली येणार नाही आणि पुढचा एज तयार होणार नाही.

वेगाची चिंता इथं करू नका. ९६०० बॉडला स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट येतात. प्रत्येक बाइटला इंटरप्ट आला तरी आयऑक्टलचा खर्च जाणवत नाही.

रास्पबेरी पाय ४ सारख्या आर्म बोर्डवर प्रयोग करणार असाल तर क्रमांकाची मांडणी वेगळी असते. त्याच फील्डमध्ये वरच्या बिटांत इंटरप्टचा प्रकार आणि व्हीसीपीयूचा क्रमांक जातो, खालच्या १६ बिटांत इंटरप्ट आयडी. शेअर्ड इंटरप्ट ३२ पासून सुरू होतात. एक्स८६ वरचा ‘४’ तिथं तसाच देऊन चालत नाही.

४. कंट्रोलर तुमच्याकडेच असेल तर

तिसरा रस्ता घेतलात तर ‘केव्हीएम_इंटरप्ट’ वापरायचं. ही व्हीसीपीयूवरची हाक आहे आणि तिला लाइन नाही, थेट व्हेक्टर लागतो. आधी ‘रन’ स्ट्रक्चरमधलं ‘रेडी_फॉर_इंटरप्ट_इंजेक्शन’ बघा. ते १ नसेल तर ‘रिक्वेस्ट_इंटरप्ट_विंडो’ १ करून ‘रन’ पुन्हा चालवा. गेस्ट इंटरप्ट घ्यायला तयार झाला की ‘एक्झिट_आयआरक्यू_विंडो_ओपन’ मिळेल. तेव्हा व्हेक्टर घाला. काम झाल्यावर विनंती परत ० करायला विसरलात तर एक्झिटचा पूर येतो.

दोन सापळे. पहिला: दुसऱ्या थ्रेडमधून ‘केव्हीएम_इंटरप्ट’ केलंत तर तो थ्रेड अडकून राहतो, कारण ‘रन’ चालू असताना व्हीसीपीयूवरचं कुलूप ‘रन’ चालवणाऱ्या थ्रेडकडे असतं. म्हणून दुसऱ्या थ्रेडनं आधी सिग्नल पाठवून व्हीसीपीयूचा थ्रेड बाहेर आणायचा. दुसरा: सिग्नल ‘रन’मध्ये शिरायच्या अगदी आधी आला तर तो वाया जातो आणि गेस्ट निवांत चालत राहतो. यावर सिग्नल हँडलरमध्ये ‘रन’ स्ट्रक्चरचं ‘इमिजिएट_एक्झिट’ १ करा. मग ‘रन’ आत न शिरता ‘ईआयएनटीआर’ घेऊन लगेच परत येतो. बाहेर आल्यावर ते ० करा.

‘ईएनएक्सआयओ’ ही चूक आली तर समजा की कंट्रोलर कर्नलमध्ये आहे आणि तुम्ही चुकीच्या रस्त्याची हाक देताय.

५. एमएसआय: लाइनच नसलेला इंटरप्ट

पीसीआयची नवी उपकरणं लाइन वापरत नाहीत. एका ठरावीक पत्त्यावर ठरावीक आकडा लिहितात. पत्ता हेक्स एफईई ने सुरू होतो आणि त्यात १२ ते १९ या बिटांत कोणत्या एपिककडे जायचं ते असतं. डेटाच्या खालच्या ८ बिटांत व्हेक्टर. ० ते ३१ हे व्हेक्टर प्रोसेसरच्या एक्सेप्शनसाठी राखीव आहेत, ते वापरू नका.

हे आकडे तुम्ही बनवायचे नसतात. गेस्टचा ड्रायव्हर ते उपकरणाच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहितो. तुम्ही तेच उचलून ‘केव्हीएम_सिग्नल_एमएसआय’ला द्यायचे. उत्तर शून्यापेक्षा मोठं आलं तर पोचला, ० आलं तर गेस्टनं अडवला, ऋण आलं तर चूक. ० ला यश समजणारा कोड मी वारंवार पाहतो. सी मध्ये ० म्हणजे यश ही सवय इथं घात करते.

स्प्लिट पद्धतीत तुमचा आयओ-एपिक लाइनचं रूपांतर अशाच एमएसआयमध्ये करतो. लेव्हल इंटरप्ट असेल तर गेस्टनं काम संपवल्याची वर्दी ‘एक्झिट_आयओएपिक_ईओआय’ या रूपात तुमच्याकडे येते. लाइन अजून वर असेल तर तिथूनच पुन्हा इंटरप्ट पाठवायचा.

६. आयआरक्यूएफडी: हाक न मारता पोचवणं

उपकरण दुसऱ्या थ्रेडमध्ये, दुसऱ्या प्रोसेसमध्ये किंवा कर्नलमध्येच असेल, उदाहरणार्थ व्हीहोस्ट किंवा व्हीएफआयओ, तर ‘केव्हीएम_आयआरक्यूएफडी’ वापरा. एक इव्हेंटएफडी (घटना कळवायचा फाइल डिस्क्रिप्टर) तयार करायचा, तो एका जीएसआयशी बांधायचा, आणि मग जो कुणी त्यावर लिहील त्याच्याकडून इंटरप्ट लागतो. लिहिताना पूर्ण ८ बाइटचा आकडाच लिहा; कमी लिहिलं तर चूक मिळते. नेटवर्क किंवा डिस्कसाठी हाच मार्ग. सीरियल पोर्टसाठी याच्या मागे लागू नका.

जीएसआय कुठं जातो ते ‘केव्हीएम_सेट_जीएसआय_राउटिंग’ ठरवतं: पिकच्या पिनला, आयओ-एपिकच्या पिनला, किंवा एमएसआयला. मोठा सापळा हा: ही हाक जुन्या तक्त्यात भर घालत नाही, आख्खा तक्ता बदलते. आपल्या एमएसआयची एक ओळ पाठवली की टायमर, कीबोर्ड, सीरियल यांचे सुरुवातीचे रस्ते पुसले जातात. गेस्ट चालता चालता एकदम बहिरा होतो. म्हणून सगळ्या ओळींची प्रत आपल्याकडे ठेवा आणि दर वेळी पूर्ण तक्ता पाठवा.

लेव्हल लाइनसाठी साधा आयआरक्यूएफडी चालत नाही, कारण कर्नल तिथं लाइन वर करून लगेच खाली आणतो. रीसॅम्पलचा फ्लॅग देऊन दुसरा इव्हेंटएफडी जोडा. मग गेस्टनं काम संपवलं की कर्नल लाइन खाली आणतो आणि या दुसऱ्या एफडीवर तुम्हाला कळवतो. उपकरणाकडे अजून काम शिल्लक असेल तर पुन्हा पहिला एफडी वाजवायचा.

आणखी एक गोष्ट मनात ठसवून घ्या: जितक्या घटना तितके इंटरप्ट, असं कधीच धरू नका. लोकल एपिकमध्ये प्रत्येक व्हेक्टरसाठी थांबलेल्या इंटरप्टचा एकच बिट असतो. गेस्टनं पहिला उचलायच्या आत दुसरा आला तर दोन्ही मिळून एकच होतात. म्हणून गेस्टच्या ड्रायव्हरनं इंटरप्ट आला की रांग पूर्ण रिकामी करायची.

७. इंटरप्ट नेमका कुठं हरवला ते बघणं

अंदाज बांधत बसण्यापेक्षा ट्रेस घ्या. ‘ट्रेस-सीएमडी’नं केव्हीएमचे सगळे इव्हेंट नोंदवा आणि या क्रमानं शोधा.

लाइनवरच्या इंटरप्टसाठी ‘केव्हीएम_सेट_आयआरक्यू’ दिसतच नसेल तर तुमचा आयऑक्टल किंवा इव्हेंटएफडी कर्नलपर्यंत गेलाच नाही. दोष तुमच्या प्रोग्राममध्ये. तो दिसतो पण पुढे ‘पिक_सेट_आयआरक्यू’, ‘आयओएपिक_सेट_आयआरक्यू’ किंवा ‘एमएसआय_सेट_आयआरक्यू’ यातलं काहीच नाही, तर राउटिंगचा तक्ता बघा. आयओ-एपिकच्या ओळीत ‘मास्क्ड’ लिहिलेलं असेल तर गेस्टनं ती पिन अजून उघडलेली नाही: ड्रायव्हर चढलेला नाही, किंवा तुम्ही गेस्टला सांगितलेला आयआरक्यू क्रमांक वेगळा आहे. ‘कोअॅलेस्ड’ असेल तर आधीचाच इंटरप्ट गेस्टनं मिटवलेला नाही. ‘एपिक_अॅक्सेप्ट_आयआरक्यू’पर्यंत सगळं आहे आणि ‘इंज_व्हीआयआरक्यू’ नाही, तर बहुधा गेस्टनं इंटरप्ट बंद ठेवलेत.

या शेवटच्या निष्कर्षाला एक अट आहे. प्रोसेसरमध्ये एपिकव्ही चालू असेल तर हार्डवेअरच इंटरप्ट गेस्टमध्ये घालतो. मग ‘इंज_व्हीआयआरक्यू’ दिसत नाही, आणि इंटरप्ट मिटवल्याच्या बऱ्याच नोंदीही दिसत नाहीत. शिकताना सगळी व्हीएम बंद करा, केव्हीएम_इंटेल मॉड्यूल उतरवा आणि ‘एनेबल_एपिकव्ही’ ० देऊन परत चढवा. एएमडीवर त्याच कामाचा पर्याय ‘एव्हीआयसी’ नावानं आहे. वेग मोजायच्या वेळी मात्र तो परत चालू करा.

गेस्ट लिनक्स असेल तर आतून /प्रॉक/इंटरप्ट्स दोनदा बघा आणि आपल्या ओळीचा आकडा वाढला का ते तपासा. आकडा वाढतोय तरी उपकरण गप्प, तर इंटरप्टची वाट ठीक आहे. रजिस्टरच्या उत्तरांत दोष शोधा.

८. बंद करताना

आयआरक्यूएफडी सोडवताना ‘डीअसाइन’चा फ्लॅग द्या, सोबत बांधताना दिलेलेच एफडी आणि जीएसआय. आधी उपकरणाचा थ्रेड थांबवा, मग आयआरक्यूएफडी सोडवा, मग इव्हेंटएफडी बंद करा, शेवटी व्हीएम. एफडी आधी बंद केला आणि तोच क्रमांक दुसऱ्या फाइलला मिळाला, तर चालू असलेला थ्रेड त्या फाइलमध्ये ८ बाइट लिहून मोकळा होतो. टेस्टिंग मशीनच्या रिपोर्टची फाइल अशी बिघडली तर कारण शोधायला फार वेळ जातो.